विमानांची खोली

फिटरअण्णा देवघरात कधीकधी चप्पल घालून शिरत, पण विमानांच्या खोलीत शिरताना त्यांनी चप्पल काढली नाही असं एकदाही झालं नाही. चप्पल काढायची, उंबऱ्यातल्या गोणपाटाला तळवे पुसायचे, मान खाली घालायची आणि मग आत. मान खाली घालायची ती भक्तीने नव्हे. सगळ्यात मोठ्या विमानाचं शेपूट दारासमोरच लटकत असे आणि ताठ मानेने शिरणाऱ्याच्या कपाळाला ते हमखास लागे. लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवशी मलाही लागलं. माझ्या मुंडावळ्या त्यात अडकल्या. अण्णा धावत आले. मला वाटलं, नव्या सुनेला कुठे लागलं ते बघायला आले. त्यांनी शेपटाच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं आणि सुस्कारा सोडून म्हणाले, "वाचलं."

अण्णा म्हणजे माझे सासरे. रसायनीच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी फिटर म्हणून गेली, म्हणून अख्खी दहिवली त्यांना फिटरअण्णा म्हणे. तिथल्या एका साहेबांना हौशी विमानं उडवायचा नाद होता. एकदा त्यांचं इंजिन बिघडलं आणि ते अण्णांकडे आलं. अण्णांनी ते दुरुस्त केलं, साहेबांबरोबर माळावर जाऊन विमान उडताना पाहिलं, आणि घरी आल्यावर आईंना म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगितलं की आपण हे करणार. आई म्हणाल्या, करा. त्यांना वाटलं, दोन महिन्यांत उतरेल. आई गेल्या, अण्णा रिटायर झाले, खूळ काही उतरलं नाही.

ही विमानं म्हणजे जत्रेतली खेळणी नव्हेत. माझ्या नवऱ्याने, संदेशने, दोन्ही हात पसरले तर जेमतेम एक पंख भरे. आत बाल्साच्या हलक्या लाकडाचा सांगाडा, वरून इस्त्रीने चिकटवलेली रंगीत फिल्म, पुढे पेट्रोलचं इंजिन आणि अण्णांच्या गळ्यात अडकवलेला रेडिओ कंट्रोल. अशी तीन. त्यांना नावं नव्हती. लाल, पिवळं आणि मोठं, एवढंच. तीनही अण्णांनी स्वतःच्या हाताने बनवलेली, आणि ती राहत होती आमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या, सगळ्यात कोरड्या, तळमजल्यावरच्या खोलीत. पूर्वी तिथे वर्षाचं भात साठवत. त्याच खोलीत खिडकीखाली अण्णांचं कामाचं टेबल, पकडी, पान्हे, कानशी. बाकी सगळी जागा विमानांची. आम्ही नवराबायको वरच्या पत्र्याखालच्या खोलीत, जिथे चैत्रात अंगाची भाकरी व्हायची.

"उडवणं सोपं हाय गं," अण्णा म्हणत. "कोन पन शिकंल. ठेवणं अवघड."

आणि ठेवावं ते त्यांनीच. पंख धडापासून सुटे करायचे. आईंच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून त्यांच्या पिशव्या केल्या होत्या, त्यात एकेक पंख घालून लाकडी घोडीवर उभा ठेवायचा. पंखावर पंख टेकवायचा नाही. धडं आढ्याला टांगायची, ती दोरीने नव्हे, जुन्या खाटांच्या नवारीने, म्हणजे अंगाला वळ पडत नाहीत. भात होतं तेव्हापासून उंदरांना या खोलीची वाट पाठ होती, म्हणून तेलाच्या डब्याचे पत्रे ताटलीएवढे गोल कापून प्रत्येक नवारीत मध्यावर ओवले होते. वरून उतरणारा उंदीर त्या पत्र्यावरून घसरून खाली पडे. टाकीत पेट्रोलचा थेंब ठेवायचा नाही. पावसाळ्याचे चार महिने साठचा बल्ब दिवसरात्र चालू, कोपऱ्यात ओल शोषायला कोळशाची उघडी गोण, दर पंधरा दिवसांनी कोळसा बदलायचा. माझ्या लग्नातले शालू ट्रंकेत कुबट झाले, पण त्या खोलीतल्या एकाही खिळ्याला गंज चढला नाही.

मी बी.एड. झालेली, पोशीरहून आलेली, जिभेला धार असलेली मुलगी. मला घरी शिकवणी सुरू करायची होती आणि त्यासाठी मला ती खोली हवी होती. मी सरळ मागितली. अण्णा कानस घाशीत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"पोरांना ओटीवर बसव," ते म्हणाले.

"ओटीवर पावसाची झड येते, अण्णा. पोरं भिजतील."

"भिजली तर पुसता येतात. पोर भिजून वाकत नाय. पंख वाकतो."

मला इतका संताप आला की मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी त्यांना ते कळलं. शिकवणी मी ओटीवरच सुरू केली, ताडपत्री बांधून, आणि मुद्दाम पाढे मोठ्याने म्हणून घ्यायची, म्हणजे आत त्यांना त्रास होईल. त्यांना काही झालं नाही. उलट एकदा आतून आवाज आला, "सतरा सत्ते एकशे एकोणीस. ती मागची पोरगी चुकली."

गाव त्यांना वेडं म्हणायला मोकळं होतं आणि म्हणतही होतं. त्याचं खरं कारण विमान नव्हतं, बांध होता. विमानाला धावायला सरळ लांब जागा लागते आणि आमच्या दोन खाचरांच्या मधे बांध. तर अण्णा काय करायचे, दिवाळीनंतर भात झोडून झालं की कुदळ घेऊन तो बांध फोडायचे, दोन्ही खाचरं एक करायचे, वर रोलर फिरवायचे. हिवाळाभर तिथून विमानं उडायची. मग वैशाखात भर उन्हात तोच बांध पुन्हा घालायचे, कारण पाणी अडायला हवं. दरवर्षी फोडायचा, दरवर्षी घालायचा. बांधासाठी भावाभावांत डोकी फुटतात अशा मुलखात हा माणूस स्वतःचाच बांध फोडतोय, हे लोकांना बघवत नसे. त्यांचे थोरले चुलतभाऊ भाऊकाका, ज्यांचा शब्द भावकीत कोणी खाली पडू देत नसे, ते एकदा शेतात येऊन ओरडले होते, "अरं, आज्यानं घातलेला बांध हाय त्यो!" अण्णा म्हणाले, "आज्यानं एकदा घातला. मी धा वेळा घातलाय. माझा जास्त."

एका रविवारी सकाळी रागारागातच मी ते उडवणं पाहायला गेले. आपली खोली कशासाठी गेली ते तरी बघावं म्हणून. मोठं विमान भाताच्या बुडख्यांवरून खडखडत धावलं, उचललं गेलं आणि वर जाऊन असं काही शांत झालं की मी काय बोलायला आले होते तेच विसरले. मी आकाशाकडे कमी आणि अण्णांकडे जास्त बघत होते. घरी कधी न दिसलेला माणूस तिथे उभा होता, पाय रोवून, ओठ किंचित उघडे, डोळ्यांत पाणी, उन्हाचं असेल. मला आवडलं, पण मी तसं सांगितलं नाही. खोलीवरचा हक्क मी अजून सोडला नव्हता.

पुढे आजूबाजूच्या जमिनी विकल्या गेल्या. आमच्या खाचराच्या एका टोकाला मुंबईकरांचे बंगले उठले, दुसऱ्या टोकाला कंपाउंडची भिंत आणि सुरूची झाडं. एका कार्तिकात अण्णांनी बांध फोडला, पावलांनी जागा मोजली, वर बघितलं, परत मोजली. मग कुदळ घेतली आणि त्याच दिवशी बांध परत घातला. कोणी तक्रार केली नव्हती, कोणी अडवलं नव्हतं. "कुनाच्या डोक्यावर पडलं तर हौस माझी आन् डोकं त्याचं," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी विमान उडवलं नाही. दुसरीकडे मैदान शोधा म्हटलं तर म्हणत, एवढं मोठं धूड टेंपोत घालून हादरे द्यायचे का?

मग संदेशच्या डोक्यात आलं. आमच्या आळीत प्रत्येकाने एकेक खोली शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी काढली होती. चुलीवरची भाकरी, मागे ओढा, लोकांना आवडतं. आमची मोठी खोली मोक्याची. संदेश बापाला घाबरे, तरी एकदा जेवताना म्हणालाच, "अण्णा, आता ती उडत तर नायत."

अण्णांनी घास खाली ठेवला. "उडत नायत कोन म्हनला? उद्या जागा दे, उद्या उडवून दाखवतो. मी उडवत नाय. त्यांच्यात काय खोट हाय का?"

"पन मग ठेवायची कशाला?"

"उडन्याजोगी हायत म्हनून."

मी वाढत होते. मनात मी संदेशच्या बाजूने होते. त्या खोलीत माझी शिकवणीची चाळीस मुलं मावली असती.

मी त्यांच्या बाजूला गेले ते एका चुकीमुळे, आणि ती चूक माझी. अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर पनवेलला नणंदेकडे गेले होते. जाताना खोलीची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "बल्ब बंद नको पडू देऊ." दुसऱ्याच दिवशी आषाढातल्या पावसाने लाइटचे खांब पाडले. तीन दिवस वीज नाही. तिसऱ्या दिवशी मी आत जाऊन पाहते तर गोधडीची पिशवी दमट लागली, आणि मोठ्याचा उजवा पंख बाहेर काढला तर त्यावर बोट ओलं होत होतं. माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची. तिचे लंगोट मी पावसाळ्यात वाळवायची तसे आमच्याकडे सगळेच वाळवतात, शेगडीत निखारे, त्यावर बांबूचं डालं पालथं, आणि डाल्यावर कपडा. मला काय, पंख तेवढा मोठा लंगोट. मी शेगडी आत नेली, दोन स्टुलांवर पंख आडवा ठेवला, खाली डालं, खाली निखारे मंद. मुलगी रडली म्हणून बाहेर गेले. परत आले तोवर ओल गेली होती. पंखही पिळला होता. ती फिल्म ऊब लागली की आकसते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खालची बाजू आकसली आणि पंखाचं टोक वर वळलं, तळलेल्या पापडासारखं.

अण्णा येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. भांडायला मी भीत नव्हते, पण या वेळी भांडायला माझ्याकडे काही नव्हतं. ते आले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मी त्यांना पाणीही न देता आत नेलं आणि सांगितलं, "हे मी केलं."

ते पंखाजवळ खाली बसले. टोकापासून मुळापर्यंत हात फिरवला. मी बोलणी खायला उभी होते.

"लाकूड मोडलं नाय," ते म्हणाले. "वाकलं हाय. कपड्याची इस्त्री आन, आन् हितं टोकाला धर. दोन्ही हातांनी. आता उलटा पिरगाळ."

"मोडेल अण्णा."

"मोडंल तर मी हाय. पिरगाळ."

मी पंखाचं टोक उलट पिरगाळून धरायचं आणि त्यांनी फिल्मवरून गरम इस्त्री फिरवायची. इस्त्री काढली तरी मी गार होईपर्यंत हात सोडायचा नाही. मग बघायचं. बघायला मात्र त्यांना येईना, एका डोळ्यावर पट्टी आणि दुसराही धूसर. ते मला म्हणाले, "मुळाकडनं डोळा लाव आन् सांग." मी सांगितलं, अजून वर आहे. पुन्हा पिरगाळला, पुन्हा इस्त्री. दुपार गेली. माझी बोटं भरून आली, शिकवणीची मुलं ओटीवर वाट बघून घरी गेली. सातव्या की आठव्या वेळी मी डोळा लावला आणि पंख सरळ दिसला. मी "झालं" म्हटलं. त्यांनी तपासून पाहिलं नाही. माझ्या शब्दावर इस्त्री बंद केली. या घरात माझ्या शब्दावर इतक्या मुकाट्याने कोणी काही केलेलं मला आठवत नव्हतं. त्यानंतर मी ती खोली मागितली नाही.

शेवटच्या वर्षी अण्णा श्रावणात मागच्या पायरीच्या शेवाळावर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उठणं काही जमलं नाही. डॉक्टर म्हणाले, तळमजल्यावर हवेशीर खोली हवी. अशी खोली एकच. संदेशने सुतार बोलावला, विमानं माळ्यावर चढवायला. अण्णांनी त्याला खाटेवरूनच परत पाठवला.

"माझी खाट आत टाका," ते म्हणाले. "ती वर हायत, मी खाली. कोन कुनाला अडत नाय."

तीन महिने ते विमानांखाली पडून होते. भेटायला येणारे वाकून आत शिरत आणि वर बघत बसत. अण्णांनी दुखण्याबद्दल फारसं कोणाला सांगितलं नाही. पडल्यापडल्या मला मात्र कामं सांगत. पिवळ्याची नवार सैल दिसतेय, लालच्या पोटाखाली कोळ्याने घर केलंय. मीही पदर खोचून स्टुलावर चढायची आणि भांडत भांडत करायची. कधीकधी ते मुद्दाम चुकीचं सांगत आणि मी वाद घातला की खूश होत.

मार्गशीर्षातली एक दुपार होती. त्यांनी पेज घेतली. म्हणाले, मोठ्याच्या चाकांवर धूळ बसलीय, तेवढी पूस. मी स्टूल आणायला गेले आणि परत आले तोवर ते गेले होते. मी संदेशला हाक मारली. मला रडू आलं ते स्टूल हातात घेऊनच. ते कुठे ठेवायचं हे सुचेना.

स्मशानातून माणसं परत आली, आंघोळी झाल्या, आणि भाऊकाका ओटीवर उभे राहून सांगू लागले काय काय करायचं ते. पीठ पसरून त्यावर दिवा ठेवायचा. जिथे जीव गेला तिथेच, दहा दिवस. पाहुणे येतील, ते त्याच खोलीत दिव्यापाशी बसतील.

"आन् ती इमानं आधी उतरवा," ते म्हणाले. "दुखवट्याला आलेली मान्सं टाळकी आपटून घ्यायची काय?"

दोघं जण उठलेही. मी दारात जाऊन उभी राहिले. हे मी ठरवून केलं नाही, पाय गेले.

"एकही विमान खाली येणार नाही," मी म्हटलं. "दिवा ओटीवर ठेवा. माणसंही ओटीवर बसतील."

 दिव्यामुळे काही पेटलं नसतं, हे मलाही कळत होतं. पण दिव्यासाठी खाली आलेलं विमान परत वर जात नाही, हेही कळत होतं. दहाव्यापर्यंत दिवा, तेराव्याला पंगत, मग पाहुण्यांच्या गाद्या, मग हार घातलेला फोटो, आणि मग शनिवार-रविवारचे मुंबईकर. अण्णांनी ती जागा दुखण्यातही सोडली नव्हती. मेल्यावर पहिल्याच संध्याकाळी ती आम्ही त्यांच्या हातून काढून घेणार होतो, तेही त्यांच्यासाठी म्हणून.

"सून हायस तू," भाऊकाका म्हणाले. "भावकीत तू बोलायचं नाय."

"सून आहे म्हणूनच बोलते. ते जिवंत होते तेव्हा त्यांचं कोणीच ऐकलं नाही. तुम्ही नाही, यांनी नाही, मी तर नाहीच नाही. आता ते सांगायला नाहीत, तर निदान दहा दिवस ऐका."

सगळ्यांनी संदेशकडे पाहिलं. ती खोली त्यालाही हवीच होती.  तो उठला, आतून पिठाचं ताट घेऊन आला, ओटीच्या कोपऱ्यात स्वतः पीठ पसरलं आणि त्यावर दिवा ठेवला. भाऊकाका चपला घालून निघून गेले. तेराव्याला ते जेवायला आले नाहीत, आणि अजूनही आमच्या घरचं पाणी घेत नाहीत. त्याचं मला वाईट वाटतं. पण वेळ परत आली तर मी परत दारातच उभी राहीन.

खोली आहे तशीच आहे. बघायला येणारे येतात, उडतात का विचारतात, कोणी विकत मागतात, कोणी नुसतीच हळहळ करतात की एवढी जागा वाया गेली. मागच्या पावसाळ्यात झड ओटीवर आत आत येत होती. माझी मुलं वह्या पोटाशी धरून भिंतीला चिकटून बसली होती, आणि मी फळा पुसत होते तो लिहिण्याआधीच ओला होत होता. संदेश कामावरून आला, छत्री मिटवत उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, तुलाच हवी होती ना ती खोली? ने की पोरांना आत. आता कोण अडवतंय?"

खरंच होतं ते. अडवणारं कोणी उरलं नव्हतं.

"मी अडवतेय," मी म्हटलं, आणि मुलांना ताडपत्री खाली ओढायला सांगितली.